गॅरेजमधल्या सुतारकामासाठी इलेक्ट्रिक हीटर: मी कुठला घेतला आणि का

निकाल आधीच सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. गॅरेज घराला जोडलेलं आहे, दोन गाड्यांचं आहे, डेट्रॉइट किंवा शिकागोसारखी थंडी आहे आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार तिथे काहीतरी हाताने बनवत बसायचं आहे, तर 240 व्होल्टचा, 5000 वॅटचा, छताला टांगायचा, पंखेवाला हीटर घ्या. मी फॅरनहीट कंपनीचा एफयूएच54 घेतला आणि मी त्याच्यावर खूश आहे. पण हीटरच्या आधी छतात इन्सुलेशन घाला, पैसे कमी असतील तर निम्मे पैसे तिकडे लावा, नाहीतर कुठलाही हीटर आणा, पाय गारठणारच. आता हे का म्हणतोय ते सविस्तर, कारण दुकानात आणि ऑनलाइन या विषयावर जे काही सांगितलं जातं त्यातलं बरंचसं दिशाभूल करणारं आहे आणि आपल्या लोकांचे उगाच पैसे जातात.

मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या जवळ राहतो. गॅरेजच्या एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला माझं सुतारकाम. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची गोल करवत), एक मोठा वर्कबेंच, रंधे, पटाश्या, क्लॅम्प, आणि भिंतीला टेकवलेल्या वॉलनट आणि मेपलच्या फळ्या. देव्हारे, पाट, चौरंग असलंच बनवतो, इथे सगळ्यांना देव्हारा हवा असतो आणि तिकडून बॅगेतून आणणं जमत नाही. मागणी मात्र नेमकी दिवाळीनंतर वाढते, कोणाची वास्तुशांत असते, कोणाकडे मुंज, म्हणजे काम सगळं डिसेंबर ते मार्च. इथे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी 20 च्या आसपास जातं (सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये देतोय, आपल्या सेल्सिअसमध्ये ते उणे 7 होतं), आणि गरम न केलेलं गॅरेज बाहेरपेक्षा थोडंसंच बरं असतं.

आता कोणी म्हणेल जाड जॅकेट घालून काम करा की. माणूस करेल हो, पण सरस करत नाही. लाकडाचा नेहमीचा पिवळा गोंद घ्या, टाइटबाँड, त्याच्या बाटलीवर कमीत कमी किती तापमान पाहिजे ते लिहिलेलं असतं: ओरिजिनलला 50, टूला 55, थ्रीला 47. त्याच्या खाली लावला तर तो वाळल्यावर पांढरट भुसभुशीत दिसतो आणि सांध्यात ताकदच राहत नाही. आणि हे तापमान फक्त हवेचं नाही, लाकडाचं आणि गोंदाचं पण तेवढं पाहिजे, हे फार जण विसरतात. पॉलिशचं तसंच, पाण्यावरचं पॉलियुरेथेन असेल तर 70 च्या जवळपास उत्तम बसतं, गारठ्यात ते नीट पसरत नाही आणि वाळायला युगं लागतात. कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या सुद्धा 40 च्या खाली चार्ज करू नका असं सांगतात, लिथियमच्या बॅटरीला ते मारक आहे. म्हणजे हीटर ही चैन नाही, ज्याला देव्हारा दहा-वीस वर्षं टिकावा असं वाटतं त्याला तो रंध्याइतकाच गरजेचा आहे.

मग इलेक्ट्रिकच का, प्रोपेनचा सिलिंडर लावून चालणारे हीटर तर स्वस्तात मिळतात आणि क्षणात गरम करतात? दोन कारणं. पहिलं कार्बन मोनॉक्साइड, बंद गॅरेजमध्ये ज्वाला जळत ठेवायची आणि पलीकडच्या भिंतीमागे मुलांची बेडरूम, हा धोका मला घ्यायचाच नाही, त्यावर चर्चाही नको. दुसरं कारण पाणी. 1 पौंड प्रोपेन जळला की साधारण 1.6 पौंड पाण्याची वाफ होते आणि ती सगळी गॅरेजच्या हवेत येते, मग ती जाऊन बसते सगळ्यात थंड वस्तूवर, आणि वर्कशॉपमधली सगळ्यात थंड वस्तू म्हणजे टेबल सॉचा बिडाचा टॉप. सकाळी बघितलं की लाल गंज. केरोसीनचंही तसंच. इलेक्ट्रिक हीटर ना धूर सोडतो ना वाफ, हवा उलट कोरडी वाटते. गॅसची पाइपलाइन गॅरेजपर्यंत असेल आणि बाहेर धुराडं काढलेला युनिट हीटर बसवायची तयारी असेल तर तो चांगलाच पर्याय आहे, पण तो खर्च आणि ते काम वेगळं, मी इथे विजेबद्दलच बोलतोय.

भारतातून आलेल्या माणसाची गफलत नेमकी व्होल्टेजपाशी होते. आपल्याकडे 15 अँपचा मोठा प्लग म्हणजे 230 व्होल्टवर साधारण साडेतीन हजार वॅट, गीझर, इस्त्री, रूम हीटर काहीही लावा. इथला भिंतीतला साधा प्लग 120 व्होल्ट, 15 अँप. म्हणजे सगळे मिळून 1800 वॅट, आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त चालणाऱ्या लोडसाठी त्याच्या 80 टक्केच धरायचे, म्हणजे 1440. म्हणूनच इथल्या दुकानात साध्या प्लगचे जितके हीटर दिसतात ते सगळे 1500 वॅटच्या आसपासच थांबतात, 30 डॉलरचा असो की 300 चा. 1500 वॅट म्हणजे ताशी 5100 बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक). छोट्या बेडरूमला ठीक, दोन गाड्यांचं गॅरेज जानेवारीत तापवायला ते पुरत नाहीत. त्यात बहुतेक घरांत गॅरेजचे सगळे प्लग एकाच ब्रेकरवर असतात, तिथेच हीटर चालू आणि तिथेच टेबल सॉ सुरू केली की ब्रेकर उडालाच. दोन हीटर लावू म्हणाल तर तेही त्याच ब्रेकरवर. आणि एक्स्टेन्शन कॉर्डवर किंवा पॉवर स्ट्रिपवर हीटर कधीच लावायचा नाही, वायर आणि प्लग तापून आग लागते, इथल्या हिवाळ्यात या कारणाने घरं जळतात, हे खरंच मनावर घ्या.

दुसरी गोष्ट, वॅट म्हणजे वॅट. 1 वॅट म्हणजे ताशी 3.41 बीटीयू, मग तो क्वार्ट्झच्या नळीतून येवो, सिरॅमिकमधून येवो, तेल भरलेल्या रेडिएटरमधून येवो नाहीतर लाकडी पेटीत बसवलेल्या देखण्या इन्फ्रारेडमधून येवो. आत गेलेल्या सगळ्या विजेची उष्णताच होते. त्यामुळे ‘आमचा 1500 वॅटचा हीटर 1000 चौरस फूट गरम करतो आणि बिल निम्मं करतो’ असं कुठे वाचलंत तर पुढे जा. तोच 1500 वॅट दुसऱ्या स्वस्त हीटरमधून तेवढीच उष्णता देणार. फरक पडतो तो ती उष्णता कुठे जाते यात, हवा तापते का तुमची पाठ तापते, वर जाते का खाली येते, आवाज किती, भुसा किती उडतो, यात. बिल निम्मं करणारं एकच इलेक्ट्रिक यंत्र आहे, ते म्हणजे हीट पंप, त्याच्याबद्दल पुढे येतो.

आता गॅरेजचा हिशोब. हा भाग थोडा आकड्यांचा आहे पण वाचाच, कारण खरे पैसे इथे वाचतात. समजा 20 बाय 22 फुटांचं गॅरेज, 8 फूट उंची, म्हणजे 440 चौरस फूट. बाहेर 20, आत 60 ठेवायचंय, म्हणजे फरक 40 डिग्रीचा. दोन भिंती घराला लागून आहेत असं धरू. छताला नुसता ड्रायवॉल (जिप्समचा पातळ बोर्ड) आहे आणि वर, छपराखाली, रिकामी थंड अ‍ॅटिक, तर एकट्या छतातून ताशी 8800 बीटीयूच्या घरात उष्णता जाते. पत्र्याचा साधा 16 बाय 7 चा दरवाजा, त्यातून साडेचार हजार. बाहेरच्या दोन भिंती पोकळ असतील तर त्यातून तीन-साडेतीन हजार. फटींतून येणारी हवा साडेतीन-चार हजार, आणि जमिनीच्या कडेने आणखी हजार-बाराशे. सगळं मिळून एकवीस-बावीस हजार बीटीयू, म्हणजे 6 किलोवॅटच्या वर. 5000 वॅटचा हीटर 17 हजार देतो. म्हणजे तो अखंड चालला तरी 60 गाठणार नाही! फुटक्या मडक्यात पाणी भरायचा प्रकार.

तेच छतावर आर-38 चं इन्सुलेशन टाकलं (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकं चांगलं) की छताचे 8800 चे साडेचारशे-पाचशे होतात. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. अ‍ॅटिकमध्ये फवारून टाकायचा सेल्युलोज मोठ्या दुकानांत मिळतो, ठराविक गोणी घेतल्या की मशीन भाड्याने किंवा फुकट देतात, दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे, मास्क मात्र चांगला घाला. भिंतीत आर-13 चे बॅट, म्हणजे इन्सुलेशनच्या तयार गाद्या, भरल्या की तीन हजाराचे हजार होतात. दरवाजा इन्सुलेटेड बसवला तर साडेचार हजाराचे पाचशे-सहाशे, पण नवीन दरवाजा महाग, त्यामुळे तो शेवटी. तोपर्यंत खालचं रबर आणि बाजूच्या पट्ट्या बदला, ते अगदी थोडक्या पैशांत होतं आणि पायाशी येणारा गार झोत थांबतो. जुन्या दरवाजाला आतून चिकटवायचे फोमचे किट मिळतात, चालतात, पण दरवाजा जड होतो म्हणून स्प्रिंग परत अ‍ॅडजस्ट करून घ्यावी लागते, ते काम मात्र स्वतः करू नका, ताणलेली स्प्रिंग हात तोडते. आणि भिंतीवर पांढरे-गुलाबी फोमचे बोर्ड लावून तसेच उघडे ठेवणारे पण बघितलेत, ते चुकीचं आहे, फोम पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो, त्याच्यावर ड्रायवॉल पाहिजेच. हे सगळं केल्यावर तेच गॅरेज 60 वर ठेवायला ताशी पाच-सव्वापाच हजार बीटीयू पुरतात, म्हणजे दीड किलोवॅट.

मग तुम्ही म्हणाल दीड किलोवॅट पुरतात तर साध्या प्लगचाच हीटर का नको? कारण ते 60 वर टिकवायला पुरतात, 60 पर्यंत न्यायला नाही. तुमच्या पायाखाली 4 इंच जाडीचं काँक्रीट आहे, त्या लादीचं वजन करा, 10 टन भरतं. टेबल सॉचं बीड, फळ्या, गाडी, हे सगळं थंड आहे. नुसती हवा 30 डिग्रीने तापवायला 2000 बीटीयूसुद्धा लागत नाहीत, पाच-सात मिनिटांचं काम, म्हणून मोठा हीटर लावला की लगेच वाटतं वा झालं, पण बंद केला की दहा मिनिटांत परत थंडी, कारण लादी आणि भिंती ती उष्णता पिऊन टाकतात. रोज चोवीस तास गरम ठेवणाऱ्याला छोटा हीटर चालेल, पण आपण शनिवारी सकाळी चहा घेऊन जाणारी माणसं, आपल्याला तास-दीड तासात काम सुरू करता आलं पाहिजे. त्यासाठी ताकद पाहिजे आणि नंतर कमी वेळ चालायला थर्मोस्टॅट पाहिजे. म्हणून 5000.

आता प्रत्यक्ष हीटर. एफयूएच54 हा एक करड्या रंगाचा पत्र्याचा चौकोनी डबा आहे, मागे पंखा, पुढे झडपा. 240 व्होल्टवर 5000 वॅट, 17,065 बीटीयू. सोबत कंस येतो, त्याने छताला किंवा भिंतीवर टांगता येतो आणि तिरपा करता येतो. मी बेंचच्या समोरच्या कोपऱ्यात, छताच्या बीमला पकडून, खाली तिरपा लावलाय, झडपा पण खाली वळवल्यात, कारण गरम हवा वरच पळते, तिला ढकलून खाली आणावी लागते. थर्मोस्टॅट हीटरच्याच अंगावर आहे. आणि त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बंद झाल्यावर पंखा थोडा वेळ चालू राहतो आणि आतली कॉइल थंड करूनच थांबतो. त्यामुळे उरलेली उष्णता पण खोलीत येते आणि कॉइलवर बसलेला भुसा भाजत राहत नाही. तापणारी तार उघडी नाही, धातूच्या नळीत बंद आहे, लालभडक होऊन दिसत नाही. सुतारकामाच्या खोलीत हे फार महत्त्वाचं आहे. हीटर घेताना दुसरं काही बघितलं नाही तरी चालेल पण तार उघडी आहे का ते बघा.

कामाला लागल्यापासून त्याने कधी दगा दिला नाही. साधं यंत्र आहे, इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच, रिमोट नाही, वायफाय नाही, आणि मला तेच बरं वाटतं. सकाळी उठल्यावर चालू करून येतो, नाश्ता होईपर्यंत गॅरेज काम करण्यालायक झालेलं असतं. फळ्या मात्र मी आदल्या रात्रीच घरात आणून ठेवतो, गोंदाची बाटली तर हिवाळाभर घरातच, कारण हवा 60 झाली तरी जाड मेपल आतून 60 व्हायला बराच वेळ लागतो. पंख्यांच्या हीटरचा आवाज असतो, तो या प्रकारात सगळ्यांचाच असतो, रेडिओ थोडा मोठा करावा लागतो, सॉ चालू असताना तर कळतही नाही. अंगावरचा थर्मोस्टॅट म्हटलं की तो छताजवळचं तापमान मोजणार आणि छत बेंचपेक्षा गरम असणार, हे ध्यानात ठेवून बेंचवर एक साधा थर्मामीटर ठेवा आणि त्याप्रमाणे नॉब फिरवा. भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट बसवायचा असेल तर 240 व्होल्टला 22 अँपवाला घ्या, 5000 वॅटला जवळपास 21 अँप लागतात. बेसबोर्ड हीटरसाठी (भिंतीच्या तळाशी बसवतात ते) जे मोबाइलवरून चालणारे स्मार्ट थर्मोस्टॅट मिळतात त्यांतले बरेच 3800 वॅटच्या आसपास थांबतात, ते याला लावायचे नाहीत.

वायरिंगबद्दल. 21 अँप सलग चालणार म्हणजे सव्वापट धरून 26, म्हणून 30 अँपचा डबल पोल ब्रेकर आणि 10 गेजची तांब्याची वायर. हा हीटर हार्डवायर्ड आहे, प्लग नाही, वायर थेट आत जोडायची. याच ताकदीचे प्लगवाले हीटर पण मिळतात, त्यांना बहुतेक वेळा 6-30 नावाचा प्लग असतो. बऱ्याच लोकांना वाटतं ड्रायरच्या प्लगला तो लागेल, लागत नाही, ड्रायरचा प्लग 14-30 किंवा जुन्या घरात 10-30, पिना वेगळ्या. जुगाड अ‍ॅडॅप्टर करत बसू नका. शिवाय 2020 पासूनच्या नव्या कोडप्रमाणे, म्हणजे इथल्या वायरिंगच्या नियमावलीप्रमाणे, गॅरेजमधल्या 240 च्या प्लगलाही जीएफसीआय (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं संरक्षण) लागतो, तुमच्या गावात तो कोड लागू आहे का ते तिथल्या बिल्डिंग डिपार्टमेंटला विचारा, लागू असेल तर ब्रेकर महाग पडतो आणि मग हार्डवायर्डच परवडतो. पॅनल गॅरेजमध्येच असेल तर काम सोपं, तळघरात दुसऱ्या टोकाला असेल तर इलेक्ट्रिशियनचं बिल हीटरच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतं, तेव्हा आधी पॅनल उघडून दोन जागा रिकाम्या आहेत का ते बघा आणि मगच हीटर ऑर्डर करा. परमिट काढा, इन्स्पेक्शन करून घ्या. पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर तिचीही वायर त्याच फेरीत ओढून घेणं स्वस्त पडतं.

इंग्लंडमधल्या मंडळींना हे सगळं सोपं आहे, तिथल्या 13 अँपच्या साध्या प्लगवर 3 किलोवॅटचा हीटर चालतो आणि तिथली थंडी पण इतकी कडक नसते. जर्मनीतही साध्या प्लगवर साडेतीन किलोवॅटपर्यंत वाव असतो. आणि नाशिक, निफाड, महाबळेश्वरकडे शेडमध्ये काम करणाऱ्याला 2000 वॅटचा साधा ब्लोअर 15 अँपच्या प्लगला लावला की काम झालं, फक्त शेडच्या पत्र्याखाली काहीतरी आच्छादन करा आणि ब्लोअर भुशापासून लांब ठेवा, तिथल्या ब्लोअरमध्ये तार उघडी असते.

भुशावरून आठवलं, हा भाग नीट वाचा. पंख्याचा हीटर हवा ओढतो, म्हणजे बारीक भुसा पण ओढतो. म्हणून सँडिंग करताना मी हीटर बंद ठेवतो, आधी खोली तापवून घेतो, सँडिंग उरकतो, हवेतली धूळ बसू देतो, मग परत चालू. पॉलिशचा शेवटचा हात देताना पण तेच, नाहीतर ओल्या पृष्ठभागावर धुळीचे कण येऊन चिकटतात आणि परत घासा. आणि लॅकर, थिनर, तेलावरचं वार्निश असलं काही उघडलं असेल तर हीटर नुसता बंद नाही, ब्रेकरच पाडायचा, कारण थर्मोस्टॅटची ठिणगी पण पुरते. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत साचते, म्हणूनच इथल्या कोडमध्ये गॅरेजमधलं ठिणगी करणारं उपकरण जमिनीपासून 18 इंच वर पाहिजे असा नियम आहे. गाडी, लॉनमोवर, पेट्रोलचा कॅन असलेल्या गॅरेजमध्ये जमिनीवर ठेवायचा हीटर मला म्हणूनच पटत नाही, छताला टांगलेला केव्हाही बरा. तेलाने भिजलेल्या चिंध्या हीटरजवळ तर सोडाच, गोळा करून कुठेही ठेवू नका, त्या आपोआप पेटतात, बाहेर पसरून वाळवा.

डस्ट कलेक्टर असेल तर त्याचा पाइप बाहेर सोडू नका. मिनिटाला सहाशे-सातशे घनफूट हवा ओढणारा कलेक्टर साडेतीन हजार घनफुटांचं गॅरेज पाच-सहा मिनिटांत रिकामं करतो, तापवलेली सगळी हवा गल्लीत. चांगला बारीक फिल्टर लावून हवा आतच परत सोडा.

बाकीच्या प्रकारांपैकी इन्फ्रारेड ज्यांना दरवाजा उघडा ठेवून काम करायचं आहे किंवा एकाच जागी उभं राहायचं आहे, गाडीखाली झोपून दुरुस्ती करणारे वगैरे, त्यांच्यासाठी चांगला, कारण तो हवा न तापवता समोरच्या अंगाला आणि वस्तूला तापवतो, पंखा नाही म्हणून धूळही उडत नाही. पण पाठ भाजते आणि पोट गार अशी अवस्था होते आणि सुताराला इकडून तिकडे फिरावं लागतं, शिवाय त्याच्या झोताबाहेर पडलेली फळी थंडच राहते, गोंदाला ते चालत नाही. तेलाचा रेडिएटर शांत, सुरक्षित, पण 1500 वॅट आणि हळू, मी तो गोंद वाळत असताना क्लॅम्प लावलेल्या कामाशेजारी योग्य अंतरावर ठेवतो, त्यासाठी तो फार छान आहे, त्याचा प्लग मात्र थेट भिंतीतच लावायचा.

मिनी स्प्लिट म्हणजे हीट पंप, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारा, हा खरा उत्तम पर्याय. एक युनिट वीज घेऊन दोन-तीन युनिट उष्णता देतो, थंड प्रदेशासाठी बनवलेली मॉडेल उणे 13 पर्यंत चालतात आणि उन्हाळ्यात एसी फुकटात. ज्याचं गॅरेज रोज वापरात आहे, घरून धंदाच करतो, त्याने सरळ तोच बसवावा, मी त्याला हीटर घे असं सांगणार नाही. पण किंमत बसवण्यासकट काही हजार डॉलरांत जाते, आणि आतल्या युनिटचे फिल्टर भुशाने पटापट चोंदतात, ते सारखे धुवावे लागतात. शनिवार-रविवारवाल्याला तो पैसा वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

कारण आमचं बिल बघा. पहिला तास पूर्ण ताकदीने म्हणजे 5 युनिट, नंतरचे चार तास सरासरी पावणेदोन किलोवॅट, म्हणजे 7 युनिट, एकूण 12. युनिटला 18 सेंट धरले तर सव्वादोन डॉलरच्या आत आख्खा शनिवार निघतो. इन्सुलेशन नसतं तर तोच हीटर पाचही तास धडधडत राहून 25 युनिट खाल्ले असते आणि गॅरेज तरीही 50 च्या आसपास लटकलं असतं. आमच्या वीज कंपनीचा पीक दर आठवड्याच्या दिवशी दुपारी 3 ते 7 असतो, शनिवार-रविवारी नाही, त्यामुळे सुतारकामाला तोही आड येत नाही.

हिवाळा सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मधे एकदा ब्रेकर पाडून, हीटर गार असताना, कॉम्प्रेसरच्या हवेने मागून पुढे फुंकून घ्या, पंख्याच्या पात्यांवर बराच भुसा बसतो. त्याच वेळी वायरचे स्क्रू इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, गरम-गार होऊन ते ढिले पडतात आणि ढिला स्क्रू तापतो. आणि घ्यायचाच असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या, नोव्हेंबरची पहिली थंडी पडली की इथे हीटर आणि इलेक्ट्रिशियन दोन्ही मिळेनासे होतात. पायाखाली रबरी मॅट टाका. त्या 10 टन काँक्रीटचा गारठा बुटातून वर येतो, तो कुठलाही हीटर थांबवत नाही, मॅट थांबवते.